जॉब नको त्याच मशीनवर जातो, नाहीतर पेंडिंगच पडून राहतो: स्लर्ममध्ये मशीन ठरवून देतानाचा नेहमीचा घोळ

दर महिना-दोन महिन्यांनी कोणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं, फक्त शब्द वेगळे. एक जण म्हणतो माझा जॉब जुन्या नोडवर (नोड म्हणजे क्लस्टरमधलं एक मशीन) जाऊन आपटला, दुसरी म्हणते मी चांगल्या दहा मशीनची नावं दिली तरी जॉब तीन दिवस पेंडिंग, तिसऱ्याचं म्हणणं आमच्या ग्रुपची मशीन आहेत आणि त्यावर भलत्याच लोकांचे जॉब पळतायत. तिघांनाही वाटतं स्लर्म, म्हणजे क्लस्टरमधल्या मशीनवर जॉब वाटून देणारं शेड्युलर, गंडलंय. स्लर्म गंडलेलं नसतं हो, त्याला जे सांगितलं तेच ते इमानेइतबारे करत असतं, आपल्या मनात एक असतं आणि लिहिलेलं दुसरंच असतं. मी एक छोटा क्लस्टर सांभाळतो आणि खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः करून झाल्यात, त्यामुळे कोणाला नावं ठेवायचा हक्क मला नाही.

(टर्मिनलवर सगळं अर्थातच रोमनमध्ये टाकायचं, इथे देवनागरीत लिहितोय. टाकताना लहान-मोठ्या अक्षरांकडे लक्ष द्या, का ते पुढे येतंच.)

मूळ भानगड अशी आहे की "माझा जॉब या मशीनवर चालव" या एकाच वाक्यात तीन वेगळ्या मागण्या लपलेल्या असतात. एक, मला ही सगळीच्या सगळी मशीन एकदम पाहिजेत. दोन, यातलं कुठलंही एक चालेल पण याच्या बाहेरचं नको. आणि तीन, या मशीनवर आमच्याशिवाय दुसरं कोणी यायला नको. तिन्हींना स्लर्ममध्ये वेगळी सोय आहे. लोक तिन्हींसाठी नोडलिस्टच (मशीनची नावं देण्याचा ऑप्शन) वापरतात आणि तिथेच सगळं बोंबलतं.

पहिलं काम: शेड्युलरला नेमकं काय कळलंय ते बघा

स्क्रिप्ट उघडून बघण्यात वेळ घालवू नका, स्क्रिप्टमध्ये काय आहे यापेक्षा शेड्युलरपर्यंत काय पोचलं ते महत्त्वाचं. त्यासाठी

एसकंट्रोल शो जॉब ४५१२

(४५१२ हा जॉबचा नंबर) आणि त्यातल्या पाच गोष्टी वाचा: पार्टिशन (मशीनचा गट, जॉब त्याच्या रांगेत लागतो), रेकनोडलिस्ट (मागितलेली मशीन), एक्सनोडलिस्ट (नको म्हटलेली मशीन), फीचर्स (मशीनचे गुण) आणि रिझर्व्हेशन (राखून ठेवलेली मशीन). तुम्ही स्क्रिप्टमध्ये नोडलिस्ट दिलीय आणि इथे रेकनोडलिस्टसमोर नल, म्हणजे काहीच नाही, दिसतंय, तर तुमची मागणी वाटेतच गळाली, पुढचं काही तपासायची गरजच नाही. जॉब संपला की ही माहिती फार वेळ टिकत नाही, डीफॉल्ट सेटिंगला पाच मिनिटांनी जॉब मेमरीतून जातो, मग एसॲक्टकडे, म्हणजे जुन्या जॉबच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडकडे, जायचं आणि नोडलिस्ट, पार्टिशन, कन्स्ट्रेंट्स, एक्झिटकोड असे कॉलम मागायचे. त्यात सबमिटलाइन नावाचा कॉलम मिळाला तर सोन्याहून पिवळं, जॉब टाकताना कमांड काय दिली होती ते जसंच्या तसं दिसतं, आणि "मी तर काहीच बदललं नव्हतं" हा वाद तिथल्या तिथे मिटतो.

मागणी गळते कशी? माझ्याकडे आलेल्या केसेसमध्ये सगळ्यात जास्त वेळा कारण एकच होतं: हॅश-एसबॅचच्या ओळी (एसबॅच ही जॉब टाकायची कमांड, तिच्यासाठीच्या मागण्या या ओळींत लिहितात) स्क्रिप्टमध्ये पहिल्या खऱ्या कमांडच्या खाली गेल्या होत्या. कोणीतरी वर मॉड्यूल लोड टाकतं, खाली हॅश-एसबॅचच्या चार ओळी, आणि पहिली खरी कमांड दिसली की एसबॅच पुढच्या सगळ्या हॅश-ओळी साध्या कॉमेंट समजून सोडून देतं. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. तसंच हॅश आणि एसबॅचच्या मध्ये एक स्पेस पडली तरी ती ओळ गेली. आणि त्या ओळींमध्ये शेलचे व्हेरिएबल चालत नाहीत, म्हणजे नोडलिस्टसमोर डॉलर लावून व्हेरिएबलचं नाव दिलं तर स्लर्म त्या नावाचंच मशीन शोधत बसणार.

दुसरं कारण जास्त छुपं आहे. एकच गोष्ट तीन ठिकाणी सांगितली असेल तर कमांड लाइन सगळ्यांच्या वर, मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, आणि स्क्रिप्टमधली ओळ सगळ्यात खाली. आता समजा वर्षभरापूर्वी कोणाच्या तरी सांगण्यावरून तुम्ही बॅशआरसीमध्ये (शेल सुरू होताना आपोआप वाचली जाणारी फाइल) एसबॅच_पार्टिशन असं व्हेरिएबल एक्सपोर्ट करून ठेवलंय आणि विसरलात. मग स्क्रिप्टमध्ये पार्टिशन कितीही वेळा बदला, जॉब त्या जुन्याच पार्टिशनमध्ये जाणार. मी एकाबरोबर यावर अख्खी दुपार घालवलीय, शेवटी एन्व्हची यादी काढून त्यात एसबॅचने सुरू होणारी नावं शोधली तेव्हा सापडलं. आता मी पहिल्या मिनिटाला तेच करायला लावतो.

नोडलिस्ट म्हणजे "यापैकी" नाही, "ही सगळी"

हा सगळ्यात मोठा गैरसमज. लहान डब्ल्यूवाला ऑप्शन, म्हणजेच

एसबॅच --नोडलिस्ट=नोड[०१-१०] काम.एसएच

याचा अर्थ ही दहाच्या दहा मशीन माझ्या जॉबमध्ये असलीच पाहिजेत, आणि कमी पडली तर वरून आणखी घेतली तरी चालतील. म्हणजे एका मशीनचं काम असताना तुम्ही दहा मशीन एकाच वेळी मोकळी व्हायची वाट बघताय, मग तीन दिवस पेंडिंग राहिलं यात नवल काय. काही लोक हुशारी करून वर नोड्सची संख्या १ देतात, म्हणजे दहातलं एक मिळेल. तसं होत नाही. कुठली कमांड, कुठली व्हर्जन यावर अवलंबून एकतर नोड संख्या चुकली म्हणून एरर येते, नाहीतर यादीतली जास्तीची नावं छाटून टाकल्याचा मेसेज येतो आणि उरलेल्या नावावर तुम्ही अडकता. यादी फाइलमधून देण्याचा नोडफाइल ऑप्शन आहे, त्याचाही अर्थ हाच, फक्त नावं फाइलमध्ये.

मग नोडलिस्ट कधी वापरायची? मशीनची टेस्ट घ्यायची असेल तेव्हा. नवीन रॅम घातली, डिस्क बदलली, याच मशीनवर जॉब पाठवून बघायचंय, तेव्हा नोडलिस्ट एकदम बरोबर. रोजच्या कामाच्या स्क्रिप्टमध्ये मशीनचं नाव दिसलं की मला शंका येते. ते मशीन एके दिवशी डाउन होणार आणि तुमचा जॉब रेकनोडनॉटअव्हेल असं कारण दाखवत बसून राहणार, बाजूला वीस मशीन रिकामी असली तरी.

आणि एक बारीक गोष्ट, नावातलं शून्य. नोड[१-१२] आणि नोड[०१-१२] हे स्लर्मच्या लेखी वेगळं आहे, तुमच्या मशीनचं नाव शून्य लावून असेल तर पहिल्या प्रकाराला ते "असं मशीनच नाही" म्हणून हाकलून देतं. एसकंट्रोल शो होस्टनेम्स याला कंस असलेलं नाव दिलं की ते पूर्ण यादी फोडून दाखवतं, टाकायच्या आधी एकदा बघून घ्यायचं.

एक्सक्लूड: चालतं, पण त्याला गंज चढतो

"हे मशीन सोडून कुठलंही" यासाठी लहान एक्स, म्हणजे --एक्सक्लूड=नोड०७. हे लगेच काम करतं म्हणून लोकांना आवडतं, मलाही आवडायचं. मग आमच्याकडे एक गंमत झाली. एका मशीनवरचा शेअर्ड माउंट, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक फाइलींशी असलेला जोड, तुटला, बाकी मशीन ठणठणीत. तिथे गेलेला प्रत्येक जॉब दोन सेकंदात मरायचा, मशीन लगेच मोकळं, शेड्युलरला वाटायचं वा काय रिकामं मशीन आहे, पुढचा जॉब पाठव. एका अॅरेतले (एकाच स्क्रिप्टने एकदम टाकलेल्या जॉबच्या गठ्ठ्यातले) शेकडो टास्क त्या एका मशीनने रात्रीतून गिळले. सकाळी मेसेज फिरला की नोड०७ एक्सक्लूड करा, सगळ्यांनी आपापल्या स्क्रिप्टमध्ये ओळ टाकली, काम सुरू. माउंट दोन दिवसात दुरुस्त झाला. ओळ मात्र कोणीच काढली नाही, स्क्रिप्ट एकाकडून दुसऱ्याकडे कॉपी होत गेल्या, आणि पुढे कित्येक महिने सगळीकडे रांग लागलेली असताना ते मशीन एकटंच निवांत बसलेलं असायचं, का ते कोणालाच कळेना.

बरोबर उपाय होता मशीनलाच ड्रेन करायचं, आणि ते माझं काम होतं, युजरचं नाही:

एसकंट्रोल अपडेट नोडनेम=नोड०७ स्टेट=ड्रेन रीझन="शेअर्ड माउंट गेलाय"

चालू जॉब पूर्ण होतात, नवीन जात नाहीत, दुरुस्ती झाली की स्टेट=रिझ्यूम. कारण लिहावंच लागतं, आणि एसइन्फोला (मशीनची स्थिती दाखवणारी कमांड) मोठा आर लावला की सगळ्या बंद मशीनची कारणं एकत्र दिसतात. हेल्थचेकची स्क्रिप्ट कॉन्फमध्ये, म्हणजे स्लर्मच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, लावून ठेवली तर ती माउंट, डिस्क वगैरे बघून स्वतःच ड्रेन करते, आम्ही त्या रात्रीनंतर लावली. तुम्ही युजर असाल तर एक्सक्लूड टाकून काम चालवा जरूर, पण त्याच वेळी अॅडमिनला कळवा.

नावाऐवजी गुण सांगा: फीचर आणि कन्स्ट्रेंट

"यापैकी कुठलंही" याचं खरं उत्तर हे आहे. स्लर्म.कॉन्फमध्ये नोडच्या ओळीत फीचर म्हणून काही शब्द लिहिता येतात, शब्द तुमच्या मनाचे, उदाहरणार्थ एव्हीएक्स५१२, जुना, मोठीरॅम. मग जॉबने म्हणायचं

एसबॅच --कन्स्ट्रेंट=एव्हीएक्स५१२ काम.एसएच

आणि ज्या-ज्या मशीनला हा शब्द लागलाय त्यातलं जे मोकळं असेल ते मिळतं. उद्या पाच मशीन वाढली तरी स्क्रिप्टला हात लावायला नको. कुठल्या मशीनला कुठले शब्द लागलेत ते एसइन्फोमध्ये फीचरचा कॉलम मागून दिसतं.

आता तो लहान-मोठ्या अक्षराचा घोळ. कन्स्ट्रेंटचा शॉर्टकट मोठा सी आहे. लहान सी म्हणजे प्रत्येक टास्कला किती सीपीयू. लहान सी पुढे एव्हीएक्स५१२ लिहिलं तर निदान हा आकडा नाही म्हणून एरर येते, पण कोणी फीचरचं नाव नुसता आकडा ठेवलं असेल, समजा प्रोसेसरची पिढी म्हणून, तर ते तेवढे सीपीयू मागून मोकळं होईल आणि तुम्ही डोकं खाजवत बसाल. फीचरला आकड्याचं नाव ठेवू नका आणि स्क्रिप्टमध्ये पूर्ण ऑप्शन लिहा, शॉर्टकट नको.

दोन फीचर पाहिजेत तर मध्ये अँडचं चिन्ह, दोनपैकी एक चालेल तर उभी रेघ. दोन्ही चिन्हं शेलला वेगळ्याच कामाची वाटतात, कमांड लाइनवर देताना कोट्समध्ये टाकलं नाही तर अँडमुळे तुमची कमांड बॅकग्राउंडला पळते आणि उभ्या रेघेमुळे पाइप होते. आणि अनेक मशीनवर पसरणारा एमपीआय जॉब असेल तर इथे एक खड्डा आहे: नुसती उभी रेघ दिली तर काही मशीन एका प्रकारची आणि काही दुसऱ्या प्रकारची अशी खिचडी मिळू शकते, कारण प्रत्येक मशीन दोनपैकी एक अट पुरी करतंच की. सगळी एकाच प्रकारची हवी असतील, कुठला प्रकार ते चालेल, तर पूर्ण अट चौकोनी कंसात टाकायची. हे ज्यांना माहीत नसतं त्यांचा जॉब चालतो, पण हळू चालतो, सगळी वेगवान मशीन हळूवाल्यांची वाट बघत बसतात.

बऱ्याच लोकांना ही अट मुळात का लागते तर "इल्लीगल इन्स्ट्रक्शन" म्हणून जॉब मरतो, एक्झिट कोड १३२, म्हणजे १२८ अधिक सिग्नल ४. कोड नवीन मशीनवर मार्च-नेटिव्ह लावून कंपाइल केलेला, त्यात त्या प्रोसेसरच्या खास सूचना आल्या, जुन्या प्रोसेसरला त्या समजत नाहीत. माझं मत विचाराल तर इथे मशीन अडवण्याआधी एकदा जुन्यातल्या जुन्या प्रोसेसरसाठी कंपाइल करून वेळ मोजून बघा. फरक किरकोळ निघाला तर अट काढून टाका, अर्धा क्लस्टर उगाच स्वतःला बंद करून घेण्यात काय अर्थ आहे. आणि "नवीन मिळालं तर बरं, नाही मिळालं तरी चालेल" असं असेल तर त्यासाठी प्रेफर नावाचा वेगळा ऑप्शन आहे, २२.०५ व्हर्जनपासून.

कालपर्यंत चालत होतं, आज फीचरच नाही म्हणतंय

हा पुन्हा-पुन्हा येणारा प्रकार, आणि यात दोष अॅडमिनचा, म्हणजे आमच्याकडे माझा. घाईत असताना फीचर एसकंट्रोल अपडेटने लावता येतं, लगेच लागू होतं, सगळे खूश. पण ते कंट्रोलरच्या मेमरीत असतं. स्लर्मसीटीएलडी, म्हणजे तोच कंट्रोलर, साध्या पद्धतीने रीस्टार्ट झाला किंवा रीकन्फिगर दिलं की कॉन्फमध्ये जे लिहिलंय ते परत येतं आणि तुमचा शब्द गायब. मग नवीन जॉब "इन्व्हॅलिड फीचर स्पेसिफिकेशन" म्हणून टाकतानाच परत येतात आणि रांगेतले जुने बॅडकन्स्ट्रेंट्स दाखवतात. मी हे दोनदा केलंय, दोन्ही वेळा अपग्रेडनंतर, आणि दोन्ही वेळा तासभर अपग्रेडलाच शिव्या घालत होतो. कमांडने बदल केला की त्याच बैठकीत कॉन्फमध्येही लिहायचा, आणि कॉन्फ सगळ्या मशीनवर सारखा आहे ना ते बघायचं, नसेल तर लॉगमध्ये त्याची तक्रार येते. फीचर परत लावल्यावरही जॉब हलत नसेल तर त्याची प्रायोरिटी शून्य होऊन तो होल्डवर गेलाय का बघा, गेला असेल तर एसकंट्रोल रिलीज द्यावं लागतं.

आमच्या मशीनवर दुसरे लोक का येतात?

वरचं सगळं फक्त तुमच्या स्वतःच्या जॉबला बांधतं, हे लक्षात घ्या. तुम्ही दहा वेळा नोडलिस्ट लिहिली तरी दुसऱ्याला तिथे यायला कोणी अडवत नाही. ते पार्टिशनमधून करायचं, आणि ते अॅडमिनच करू शकतो. नवीन पार्टिशन, त्यात ती मशीन, आणि अलाउअकाउंट्स किंवा अलाउग्रुप्समध्ये तुमचं नाव. एवढं करूनही तक्रार तशीच येते, कारण स्लर्ममध्ये एक मशीन कितीही पार्टिशनमध्ये असू शकतं आणि नवीन पार्टिशन काढताना जुन्या डीफॉल्ट पार्टिशनच्या यादीतून ती मशीन काढायला सगळे विसरतात, तिथे नोड्स=ऑल लिहिलेलं असेल तर हमखास. समोरचं दार बंद केलं, मागचं सताड उघडं. एसकंट्रोल शो नोड दिलं की खाली पार्टिशन्समध्ये ते मशीन कुठल्या-कुठल्या पार्टिशनमध्ये आहे ते सगळं दिसतं, एकापेक्षा जास्त नाव दिसलं की चोर सापडला.

(कुबरनेटीसवाल्यांना हे ओळखीचं वाटेल, तिथे टेंट दुसऱ्यांना बाहेर ठेवतो पण तुमचे पॉड तिकडे ओढत नाही, ओढायला नोडसिलेक्टर किंवा अॅफिनिटी वेगळी लागते. फक्त टॉलरेशन देऊन पॉड भलतीकडे का गेला विचारणारे तिथेही रोज असतात.)

पूर्ण अडवायचं नाही, फक्त जीपीयू मशीन साध्या सीपीयू जॉबनी आधी भरू नयेत एवढंच हवं असेल तर नोडच्या ओळीतलं वेट वाढवा, कमी वेटची मशीन आधी वाटली जातात. आठवड्याभराचंच काम असेल तर पार्टिशनला हात न लावता रिझर्व्हेशन करा, वेळ संपली की आपोआप सुटतं. त्यात दोन गोष्टी होतात: मशीनवर आधीच जॉब चालू असतील तर "नोड बिझी" म्हणून रिझर्व्हेशन बनतच नाही, इग्नोअर जॉब्सचा फ्लॅग द्यावा लागतो, आणि तो दिला तरी चालू जॉब हटत नाहीत, ते आपल्या वेळेनेच संपतात. दुसरं, ज्याच्यासाठी केलं तोच जॉब टाकताना रिझर्व्हेशनचं नाव द्यायला विसरतो आणि बाहेरच्या रांगेत उभा राहतो. माझ्याकडे हे दर वेळी होतं, एकही अपवाद नाही.

काही ठिकाणी जॉब सबमिट होतानाच लुआ स्क्रिप्टने पार्टिशन किंवा फीचर बदलतात. सोय चांगली आहे, पण बदल गुपचूप करू नका, युजरच्या स्क्रीनवर मेसेज जाईल असं लिहा. नाहीतर वर सांगितलेली सगळी तपासणी तो बिचारा करत बसेल आणि त्याची चूक कुठेच सापडणार नाही, कारण ती त्याची नसेलच.

टाकण्याआधी बघून घ्या

एसबॅच --टेस्ट-ओन्ली काम.एसएच दिलं की जॉब रांगेत जात नाही, पण अंदाजे कधी सुरू होईल, कुठल्या पार्टिशनमध्ये, कुठल्या मशीनवर ते छापून येतं. वेळेवर फार विश्वास ठेवू नका, मशीनची नावं मात्र वाचा, नको असलेलं नाव तिथे दिसलं तर जॉब अजून गेलेला नाही, अट नीट करायला वेळ आहे.

आणि हे सगळं तपासून एसक्यूमध्ये (रांगेतल्या आणि चालू जॉबची यादी) त्या मशीनवर कोणाचाच जॉब नाही असं दिसतंय, तरी मशीन मात्र पूर्ण भरलेलं, तर तिथे जाऊन टॉप (मशीनवर काय-काय चालू आहे ते दाखवणारी कमांड) लावा. बहुतेक वेळा कोणीतरी सरळ एसएसएच करून आत बसलेलं असतं आणि शेड्युलरला त्याचा पत्ताच नसतो. त्यावर पार्टिशन, फीचर, रिझर्व्हेशन कशाचाच उपयोग नाही, तिथे पॅम-स्लर्म-अडॉप्ट लावायचं, मग ज्याचा त्या मशीनवर जॉब चालू आहे त्यालाच आत जाता येतं. आम्ही ते लावलं त्या दिवशी फोन करणाऱ्या पहिल्या तिघांत दोन जण ते होते ज्यांनी "आमच्या मशीनवर दुसरे येतात" म्हणून तक्रार केली होती.